लहानपणीचा सिनेमा पुन्हा बघताना: माळ्यावरची व्हीसीडी की ऑनलाइन?

नौपाड्यातल्या माळ्यावरून व्हीसीडी उतरवलीत, तर आधी उजेडात तिरपी धरून बुरशी बघा. ठाण्याचा पावसाळा तिला सोडत नाही. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसल्यास ओरखडा ट्रॅकच्या दिशेने पडतो आणि चित्र अडकतं. चित्र जेमतेम ३५२×२८८ पिक्सेलचं, त्यामुळे ४३ इंची टीव्हीवर चेहऱ्यांची लापशी होते. टीव्हीवर चित्राचं रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३ ठेवा, नाहीतर सगळं कुटुंब जाडजूड दिसेल.

ऑनलाइन प्रत स्वच्छ, पण बऱ्याचदा चौकोनी चित्र कापून १६:९ केलेलं. म्हणजे उंचीचा पाव भाग गेला! जेवणाच्या पंगतीत आजीचा अंबाडा नाही, ताटंही नाहीत. मोठेपणी नजर नेमकी तिथेच जाते. श्रेयनामावलीची अक्षरं वर-खाली कापलेली असतील, तर ती प्रत सोडा.

गाणी दोन्हीकडे उडवलेली असू शकतात. सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये असते. ३५ मिमी फिल्मसाठी तिला २७.४ ने भागा: ३,८४० मीटर म्हणजे १४० मिनिटं. ही मिनिटं हातातल्या प्रतीच्या लांबीशी ताडून बघा. पाच-सहा मिनिटांचा फरक चालेल, वीसचा नाही.

न कापलेली ऑनलाइन प्रत मिळाली, तर आमचं मत तिलाच. चहाला उठायचं निमित्त मात्र डिस्क बदलतानाच मिळतं.