ब्रश कटरची गळकी टाकी: वेल्डिंग, नवी टाकी आणि दोन भोकांचा रबर बुश (एक पावसाळा वापरून)

५२ सीसीच्या टू-स्ट्रोक ब्रश कटरची ओळख करून द्यायची गरज नाही. बांधाचं गवत आणि वैरण कापायला कोल्हापूरच्या आसपास गावोगावी तेच मशीन आहे, आणि इंजिनाबद्दल तक्रारही नाही. तक्रार आहे ती खालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या टाकीची, त्याहून जास्त त्या टाकीतल्या रबर बुशची (पेट्रोलचे दोन पाइप ज्यातून टाकीत जातात ते रबरी बूच), आणि सगळ्यात जास्त सर्व्हिस सेंटरची. "टाकी फुटलीय, अख्खी बदलायला लागंल, बुश सुटा येत नाही." कव्हर न काढता, टाकी न पुसता निदान तयार! बुश सुटा येतो. उद्यमनगरात स्पेअरच्या दुकानात दोन पाइप, फिल्टर आणि बुश असा सेट शंभराच्या आत मिळाला.

गळती शोधायची एक साधी रीत आहे. टाकी पुसून खडखडीत कोरडी करायची, वर टाल्कम पावडर भुरभुरायची, अर्धी टाकी पेट्रोल भरून मशीन कापताना असतं तसं तिरकं टेकवायचं. थोड्याच वेळात पावडरीत ओली रेघ उमटते. थेंब पडतो ती जागा फसवी असते. रेघेचं वरचं टोक बघायचं. पेट्रोल उडून जातं, पण त्यातलं टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळतात ते तेल) मागं राहतं, त्यामुळे जुनी गळतीही हिरवट-निळसर चिकट डागानं सापडते. या टाकीवर डाग दोन ठिकाणी होते: एक बोल्ट बसतो त्या टाकीच्या कानापाशी केसासारख्या चिरेवर, दुसरा बुशच्या गळ्याभोवती.

आधी चिरेचं. एम-सील, फेविक्विक, एपॉक्सी यांवर पैसे घालवू नका. टाकी पॉलिथिनची, तिला काहीच धड चिकटत नाही. लेप वाळतो आणि नखानं उचलला की पापुद्र्यासारखा निघतो. दुरुस्ती व्हायची तर वेल्डिंगनंच. बंपर जोडणारे हे काम करतात, पण बंपर बहुतेक पीपीचे (पॉलिप्रॉपिलीन, वेगळं प्लास्टिक) असतात आणि जोडात वितळवायची पीपीची कांडी पॉलिथिनमध्ये मुरत नाही. एचडीपीईचीच (टाकीचं असतं ते कडक पॉलिथिन) कांडी मागायची. नसेल तर तळाला त्रिकोणात २ आकडा असलेल्या जुन्या कॅनची पट्टी कापून न्यायची. कांडी टाकीच्या कोपऱ्यावर जराशी वितळवून गार होऊ द्या आणि ओढा. सुटली तर ती कांडी त्या टाकीची नाही.

चिरेच्या दोन्ही टोकांना दोन मिलीचं बारीक भोक पाडायचं, नाहीतर चीर पुढं सरकते. मग चिरेवर व्ही आकाराची खाच, जाडीच्या निम्म्यापर्यंत. ड्रिल आणि खाचेचं हे काम टाकी धुतल्यावरच. हॉट एअर गन ३०० अंशांच्या आसपास. धूर निघाला किंवा रंग तपकिरी झाला की प्लास्टिक जळलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत वाफ कोंडलेली असते. भांड्याच्या साबणानं तीन-चारदा धुवायची, चार-पाच दिवस सावलीत उघडी ठेवायची, आणि वेल्डिंगच्या वेळी चीर वर धरून तिच्या जरा खालीपर्यंत पाणी भरून ठेवायचं. एवढं करूनही भिंतीत मुरलेलं पेट्रोल उष्णतेनं बाहेर येतं आणि जोडात बुडबुडे धरतात.

जून-जुलैत या वेल्डिंगला दहापैकी नऊ दिले असते. गणपतीपर्यंत त्याच जोडाला घाम यायला लागला. थेंब नाही, पण रोज बोट तेलकट. वेल्डिंग वाईट नव्हतं. टाकी आणि फ्रेम यांच्यामधला रबरी वॉशर झिजला होता, बोल्ट आवळून आवळून टाकी ताणात होती आणि इंजिनाची थरथर थेट त्या कानावर जात होती. वॉशर न बदलता केलेलं वेल्डिंग टिकत नाही. शेवटी नवी टाकी घेतली, चारशेच्या आत. वेल्डरनं अडीचशे घेतले होते; हिशोब ज्यानं त्यानं करावा. ट्रॅक्टरची किंवा गाडीची मोठी टाकी असेल तर वेल्डिंगचा विचार करा. सव्वा लिटरच्या टाकीला नको.

आता बुश. नव्या टाकीतही तो पुन्हा गळणार, हे धरून चाला. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. आपल्याच उसाचं इथेनॉल, अभिमान आहे, पण साध्या रबराला ते मानवत नाही. भिजलं की रबर फुगतं, आणि दिवाळीनंतर मशीन कोरडं पडून राहिलं की आकसून कडक होतं. जूनमध्ये पहिली टाकी भरली की भोकाच्या कडेनं पाझर. नखानं दाबून बघा: खूण उमटून परत वर आली तर चांगला, कडेला बारीक भेगा दिसल्या तर फेका. व्हिटॉनचा (पेट्रोल-इथेनॉलला टिकणारं रबर) मिळाला तर तिप्पट पैसे देऊनही घ्या. पारदर्शक पीव्हीसी पाइप तर अजिबात नको, पिवळा पडून काचेसारखा मोडतो.

बसवताना पाइपचं टोक तिरकं कापा, थेंबभर पेट्रोल लावा, बुशमधून आत सारा आणि टाकीच्या तोंडातून वाकवलेल्या तारेनं ओढून घ्या. पक्कड नको, पाइपला दात लागतात आणि तिथूनच हवा शिरते. जाड-बारीक पाइपची अदलाबदल करू नका. पाइपच्या टोकाचा फिल्टर तळाच्या प्रत्येक कोपऱ्यात लोळला पाहिजे. पाइप आखूड पडला तर उतारावर मशीन बंद पडतं.

बुश नवा असूनही पाझरला तर झाकण बघा. झाकणातली हवेची वाट चोंदली की उन्हात टाकीत दाब चढतो आणि पेट्रोल सगळ्यात कमजोर जागेतून, म्हणजे बुशमधून, बाहेर येतं. झाकण उघडताना फुस्स आवाज आला तर हेच. गळ्यापर्यंत भरून मशीन उन्हात ठेवणाऱ्यांना तर हे हमखास.

नवी टाकी घेताना एकच अडचण आली: जुनं झाकण तिला अर्धा आटा जातं आणि अडतं. झाकणासकटच मागा, आणि दुकानातच फिरवून बघा.