जर्सीच्या चिकणमातीत कोनफ्लॉवर: हिवाळ्यानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी मे महिन्यात सेंट्रल जर्सीतल्या (अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या मध्य भागातल्या) आमच्या परसात कोनफ्लॉवरचे, म्हणजे मधे शंकूसारखा उंचवटा असलेल्या एकिनेशियाच्या फुलझाडांचे, वेगवेगळे वाण लावले. आता दुसऱ्या उन्हाळ्याचा बहर ओसरत आलाय आणि माझं मत पक्कं झालंय: वाफ्याचा मोठा भाग जांभळट गुलाबी वाणांना द्यावा, नारिंगी-लाल मधेमधे लावावेत.

कारण जमिनीत आहे. गुलाबी फुलांची एकिनेशिया पर्प्युरिया ही अमेरिकेच्या पूर्व-मध्य भागातली मूळ जात, बऱ्याच प्रकारच्या मातीशी जमवून घेते. पिवळा रंग येतो तो एकिनेशिया पॅराडॉक्साकडून. ती अमेरिकेतल्या ओझार्क या डोंगराळ भागातल्या खडकाळ माळरानावरची. दोघींच्या संकरातून नारिंगी छटा निघाल्या; शिकागो बोटॅनिक गार्डनचा ‘ऑरेंज मेडोब्राइट’ हा त्यातला सुरुवातीचा वाण. पण आमची माती चिकण. बर्फ वितळलं की पाणी मुळाशी साचून राहतं आणि थंडीपेक्षा त्या ओलीनेच संकरित रोपं कुजतात. माझी महागडी गडद नारिंगी रोपं वसंतात फुटलीच नाहीत. उतारावर, खडी मिसळलेल्या मातीत लावलेली मात्र जगली.

जांभळट गुलाबी वाणांपैकी ‘मॅग्नस’ने जराही त्रास दिला नाही. 1998 साली अमेरिकेत वर्षातलं सर्वोत्तम बहुवर्षायू रोप म्हणून त्याची निवड झाली होती, ती सार्थच. तीन फुटांपर्यंत जातो, पाकळ्या आडव्या पसरतात, काठीचा आधार लागत नाही. जागा कमी असेल तर ‘पाव-वाव वाइल्ड बेरी’ घ्या: बुटका, भरपूर फांद्यांचा, रंग अगदी गडद.

रंगांची उधळण हवी असेल आणि पैसे बेताचे असतील तर ‘शायेन स्पिरिट’. नव्या वाणांच्या चाचण्या घेणाऱ्या ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या संस्थेचा 2013 चा विजेता. बियांपासून होतो, लवकर पेरला तर पहिल्याच वर्षी फुलतो. एकाच पाकिटातून लाल, नारिंगी, पिवळा, गुलाबी, पांढरा असे रंग निघतात. कुठल्या रोपाला कुठला येईल हे फूल उमलेपर्यंत कळत नाही. मला ते फार आवडतं. ठरावीक रंगांची रांग आखायची असेल तर मात्र हा वाण घेऊ नका. जुलैच्या उन्हात नारिंगी फुलं विटून पीच रंगाची होतात, हेही लक्षात असू द्या.

दुहेरी, पॉमपॉमसारखी फुलं फोटोत सुरेख दिसतात. पण मधमाश्या तिकडे फारशा फिरकत नाहीत, आणि पावसाने फूल जड झालं की देठ वाकतो. मी ती पुन्हा घेणार नाही. डेलावेअरच्या माउंट क्युबा सेंटर या वनस्पती उद्यानाने बरेच वाण शेजारी शेजारी लावून पाहिले, त्यातही साध्या एकेरी फुलांकडेच परागवाहक जास्त आले. तिथे वरच्या क्रमांकात आलेला ‘पिका बेला’ पुढच्या मे महिन्यात लावायचा विचार आहे.

जुलैत जपानी भुंगेरे पाकळ्या कुरतडतात; सकाळी साबणाच्या पाण्यात झटकून टाकते. खरी धास्ती ‘ॲस्टर यलोज’ची. तुडतुड्यांमुळे पसरणारा हा रोग झाला की फुलं हिरवी, वेडीवाकडी होतात. त्यावर औषध नाही. असं रोप मुळासकट उपटून कचऱ्यात टाकावं.

सुकलेली बोंडं शरदात कापू नका. जर्सीचा राज्यपक्षी गोल्डफिंच त्यातलं बी खायला येतो. छाटणी मार्चमध्ये केली तरी चालते.