'जीन थेरपी घ्यायला तयार आहात का?' असा फॉर्म पुढे आला तर आधी हे वाचा

आमच्या देवगड तालुक्यात गेल्या हंगामात एक मोफत आरोग्य शिबिर झालं. तिथे लोकांकडून एक फॉर्म भरून घेतला गेला. त्या एका कागदावरून माझ्या थोरल्या बहिणीचं घर साडेपाच लाखांना बुडालं आणि भाच्याचा पाय जायची वेळ आली. ताई-भावोजींना विचारून हे लिहिते आहे. त्यांची नावं देत नाही, पण फसवणाऱ्यांची पद्धत सगळी सांगते, कारण तसाच फॉर्म राजापूरकडेही फिरल्याचं कानावर आलं आहे.

भाचा तेरा वर्षांचा आहे. त्याला हिमोफिलिया ए आहे, तोही तीव्र. रक्त गोठायला लागणारं फॅक्टर आठ नावाचं प्रथिन त्याच्या शरीरात जवळजवळ बनतच नाही. खरचटलं तर भळाभळा रक्त वाहतं असं लोकांना वाटतं, पण खरा त्रास आत होतो. गुडघ्यात, घोट्यात, कोपरात रक्त साकळतं, सांधा टम्म फुगतो, पोरगं रात्रभर कळवळतं. वारंवार झालं की सांधा कायमचा धरतो. उपाय म्हणजे फॅक्टरचं इंजेक्शन, शिरेतून. सरकारी केंद्रात ते मोफत मिळतं, ही मोठी गोष्ट आहे. पण शाळा बुडवून, एसटीचे धक्के खात, सुजलेला पाय सांभाळत तिथवर जायचं म्हणजे काय, ते ताईला विचारा.

त्यातून हा दोष एक्स गुणसूत्रावरचा, म्हणजे बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येणारा. सासरच्या माणसांनी ताईला हे कधी तोंडावर ऐकवलं, कधी न बोलता. खरं तर साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कोणालाच हा आजार नसतो, दोष नव्यानेच तयार झालेला असतो. आमच्याही माहेरी कोणी नव्हतं. पण हे वाडीत कोण कोणाला समजावणार?

अशा घरात 'जनुकच दुरुस्त करतात' ही बातमी पोचली की काय होतं, त्याची कल्पना करा. आणि बातमी खोटी नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी हिमोफिलिया ए असलेल्या पाच जणांवर केलेल्या जीन थेरपीचे (म्हणजे शरीरात चांगलं जनुक घालायच्या उपचाराचे) निष्कर्ष जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापले. उपचारानंतरच्या देखरेखीच्या काळात पाचही जणांना रक्तस्राव झाला नाही. भारतात झालेलं हे काम आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. भावोजींनी ते कात्रण पाकिटात ठेवलं होतं. शिबिराच्या टेबलावर त्याच कात्रणाची रंगीत मोठी प्रत लावलेली होती.

आता तो फॉर्म. वर मथळा होता, 'अनुवंशिक आजार व जीन थेरपी : जनतेची तयारी, सर्वेक्षण'. घरात कोणाला जन्मजात आजार आहे? जीन थेरपीबद्दल ऐकलं आहे का? उपलब्ध झाली तर घ्याल का? थोडा धोका असला तरी घ्याल का? इथपर्यंत ठीक. असे प्रश्न खरे संशोधकही विचारतात, उपचारासाठी किती खर्च कराल हेही विचारतात. पण याच कागदावर नाव, पत्ता, मोबाइल, आजारी माणसाचं वय, घरातलं कमावतं कोण, आंब्याची कलमं किती, जमीन कोणाच्या नावावर, हेही होतं. खऱ्या सर्वेक्षणाला आचार समितीची (संशोधनात भाग घेणाऱ्या माणसांचं हित जपलं जातं का, ते पाहणाऱ्या समितीची) मंजुरी असते, सुरुवातीला माहितीपत्रक देतात, कोण करतं आणि कशासाठी ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि 'किती पैसे मोजाल' या उत्तराला तुमचं नाव आणि सातबारा जोडत नाहीत. या कागदावर संस्थेचं नाव होतं, पत्ता नव्हता. हॉलमध्ये थॅलेसेमियाच्या मुलीला घेऊन आलेलं एक जोडपं होतं, स्नायू झिजत चाललेल्या मुलाला पाठुंगळी घेऊन आलेले एक वडील होते. सगळ्यांनी 'हो, तयार आहे' यावर खूण केली. कोण नाही करणार?

थोड्याच दिवसांत ताईला फोन आला. बोलणारी बाई 'संशोधन समन्वयक' होती, अगदी मायेने बोलायची. तुमच्या मुलाची प्राथमिक निवड झाली आहे, महाराष्ट्रासाठी जागा थोड्याच आहेत, नोंदणी पंचवीस हजार. मग व्हॉट्सॲपवर राजमुद्रा छापलेलं पत्र आलं, त्यावर भाच्याचं नाव आणि क्रमांक. मग गालाच्या आतून कापसाने नमुना घेऊन 'जनुक तपासणी', पंचाहत्तर हजार. तिचा अहवाल म्हणून जे आलं ते मी नंतर पाहिलं. चार पानं रंगीत आलेख, पण फॅक्टर आठच्या जनुकात नेमका कोणता बदल आहे, हे एका ओळीतही नाही. तीव्र हिमोफिलिया ए मध्ये सर्वांत जास्त आढळणारा बदल म्हणजे त्या जनुकाचा एक तुकडा उलटा बसणं. खऱ्या अहवालात सर्वांत आधी तोच सापडला की नाही, हे लिहिलेलं असतं.

शेवटी 'डोस परदेशातून आरक्षित करायला' साडेचार लाख. आंबा अजून काढायचा होता. भावोजींनी बाग दोन वर्षांच्या कराराने व्यापाऱ्याला दिली आणि उचल घेतली. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "एकदाचो ह्येचो रोग जाव दे, बाग काय परत मिळात." नातवाचं दुखणं रात्री उशाशी बसून काढलेली बाई आहे ती. तिच्या या बोलण्याला कोणी अडाणीपणा म्हटलं तर मला राग येतो.

पैसे कुठल्याही संस्थेच्या खात्यात गेले नाहीत. दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावाचा क्यूआर कोड यायचा. आणि दर फोनला एक वाक्य असायचंच : "सध्याच्या डॉक्टरांना सांगू नका, त्यांना कळलं तर मोफत फॅक्टर बंद करतील." हे वाक्य ज्याने रचलं त्याला आमच्यासारख्या घरांची भीती बरोबर ठाऊक होती.

भाच्याच्या बहिणीचं प्रकरण तर त्याहून वाईट. ती सतरा वर्षांची आहे, वाहक असू शकते, म्हणजे दोष तिच्याकडून पुढे तिच्या मुलांकडे जाऊ शकतो. त्या बाईने ताईला सांगितलं, मुलीलाही एक डोस देऊ, म्हणजे पुढच्या पिढीत आजार उतरणार नाही आणि लग्नाला अडचण येणार नाही, दोघांचं मिळून सवलतीत बसवू. हे धादांत खोटं आहे. हिमोफिलियासाठी आज माणसांना दिली जाणारी जीन थेरपी यकृतात किंवा रक्ताच्या पेशींत काम करते. बीजपेशींना, म्हणजे ज्यांपासून पुढचं मूल होतं त्या पेशींना, ती हात लावत नाही. हिमोफिलियाचा पुरुष अशा उपचाराने बरा झाला तरी त्याच्या प्रत्येक मुलीकडे दोष जाणारच, मुलग्यांकडे जाणार नाही. आणि बीजपेशींत किंवा गर्भात असे बदल करून मूल जन्माला घालायला आयसीएमआरच्या (सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांनी भारतात बंदी आहे. चीनमध्ये २०१८ साली एका संशोधकाने तसं केलं, त्याला तुरुंगात जावं लागलं.

उपचारासाठी कोल्हापूरला बोलावलं. गगनबावड्याचा घाट चढून सगळे गेले. रुग्णालय नव्हतं, भाड्याचा गाळा होता, बाहेर नवा बोर्ड. आत पांढरा कोट घातलेला माणूस. रक्तदाब नाही, रक्ततपासणी नाही, सहीला एक कागद, तोही इंग्रजीत. त्याने सिरिंज भरली आणि पोराला पँट खाली करायला सांगितली. ताई ओरडली, "ह्येका मासात सुय मारुची नाय! काय देवचा ता शिरेतसून देवा!" हिमोफिलियाच्या मुलाला स्नायूत इंजेक्शन द्यायचं नसतं, आत रक्त साकळतं. लसीच्या वेळीसुद्धा फॅक्टर देऊन, बारीक सुई वापरून, वर दाबून धरून द्यावी लागते. हे ताईला तेरा वर्षांत पाठ झालं आहे आणि त्या कोटवाल्याला माहीत नव्हतं. "जीन थेरपीत असंच देतात," म्हणत त्याने टोचलंच. वर सांगितलं, आता फॅक्टर बंद करा, नाहीतर नवं जनुक कामाला लागणार नाही.

परतीच्या वाटेवरच मांडी फुगायला लागली. ताईने त्याचं ऐकलं नाही, सरळ सरकारी रुग्णालय गाठलं आणि तिथल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. कोणी तिला एक शब्द बोललं नाही, मोफत फॅक्टरही बंद झालं नाही. रात्रीच फॅक्टर सुरू केलं. मांडीतलं रक्त जिरायला बरेच दिवस लागले, पायाचे व्यायाम अजून चालू आहेत. सिरिंजमध्ये काय होतं, ते कधीच कळणार नाही. कोल्हापूरचा गाळा आठवड्यात रिकामा झाला.

नंतर ताईला घेऊन मी मुंबईला गेले. परळच्या केईएमच्या आवारात रक्तविकारांवर काम करणारी आयसीएमआरची संस्था आहे, तिथे हिमोफिलियाची आणि वाहक मुलींची जनुक तपासणी होते. मुंबईत एका डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून खरी जीन थेरपी कशी असते ते सांगितलं. वेल्लोरच्या पद्धतीत रुग्णाच्याच रक्तातल्या मूळ पेशी काढतात, निकामी केलेल्या विषाणूच्या मदतीने प्रयोगशाळेत त्यांत चांगलं जनुक घालतात, केमोथेरपीने अस्थिमज्जेत जागा करतात आणि मग त्या पेशी शिरेतून परत देतात. रुग्णालयात राहून, संसर्ग सांभाळत. ते पाचही जण प्रौढ होते. परदेशात मंजूर झालेली दुसरी पद्धत आहे, एएव्ही नावाच्या विषाणूतून जनुक शिरेवाटे थेट यकृतात पोचवायची. हिमोफिलिया ए साठी तिला अमेरिकेत जून २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तीही फक्त प्रौढांना. मुलांचं यकृत वाढत असतं, पेशी दुभागतात तसं घातलेलं जनुक विरळ होत जातं. प्रौढांतही काही वर्षांनी परिणाम ओसरताना दिसतो. मंजुरीच्या वेळची किंमत साधारण २९ लाख डॉलर. आणि एकदा हा विषाणू शरीरात गेला की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे त्याला अडवणारी प्रथिनं, तयार होतात, त्यामुळे तोच उपचार सहसा पुन्हा घेता येत नाही. म्हणजे उद्या कोणी भलत्या ठिकाणी खरोखरचंच काही टोचलं, तरी मुलाची पुढची संधी जाऊ शकते.

ते डॉक्टर बराच वेळ धोक्यांबद्दलच बोलत होते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चाचणीत जेसी गेलसिंगर हा १८ वर्षांचा तरुण जीन थेरपीनंतर चार दिवसांत दगावला, हेही त्यांनी सांगितलं. ताई एकदम म्हणाली, "त्या बाईन धोक्याचा एकदाय नाव काढूक नाय." मला हीच सगळ्यात मोठी खूण वाटते. खरी चाचणी तुम्हाला घ्यायच्या आधी दहा कारणांनी नाकारते : वय बसत नाही, यकृत ठीक नाही, प्रतिपिंडं आहेत. तुम्ही 'तयार आहे' म्हटलंत तरी तुम्हाला थांबवून विचारते. या लोकांना फक्त आमची तयारी हवी होती.

पैशांचंही स्पष्ट आहे. भारतात नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्या औषधाचे, 'जागा' राखायचे पैसे घेत नाहीत. उलट चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते, २०१९ च्या नियमांत ते आहे. प्रत्येक चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदलेली असावी लागते. ctri हे नाव शोधलंत की साइट सापडते, आजाराचं नाव टाकून कोणालाही बघता येतं. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वयासाठी, कोणत्या आचार समितीची मंजुरी, सगळं तिथे असतं. संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मागायचा तुमचा हक्क आहे, मराठीत मागा.

तक्रार आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर केली, मग पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा नोंदवला. शेवटच्या हप्त्यातले काही पैसे एका खात्यात गोठवता आले. बाकीचे तासाभरात पुढे सरकले होते, म्हणून फोन जितक्या लवकर कराल तितकं बरं. मुलीची वाहक तपासणी आता रीतसर होणार आहे, तिने स्वतः विचार करून हो म्हटल्यावर. आणि भाचा म्हणतो, अठरा पूर्ण झाली की वेल्लोरला मीच पत्र लिहिणार. लिहू दे. त्याची जीन थेरपीवरची आशा मोडावी असं मला मुळीच वाटत नाही.

त्या शिबिरात फॉर्म भरलेली निदान पन्नास घरं असतील. तुम्हाला फोन आला असेल, पैसे दिले असतील किंवा नसतील, तरी ती व्हॉट्सॲप पत्रं, क्यूआर कोडचे स्क्रीनशॉट, कॉलचे नंबर पुसू नका. कोल्हापूरला जाऊन कोणी सुई घेऊन आलं असेल, तर सगळ्यात आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगा. तपास अधिकाऱ्यांचं म्हणणं आहे की एकाच घराची तक्रार असली की गुन्हा दोन खात्यांपाशी अडतो, पाच-सहा जणांची आली की क्यूआर कोडांमागची माणसं जोडता येतात. नाव गुप्त ठेवायची विनंती करता येते. मुलीच्या लग्नाच्या काळजीने गप्प बसलेल्या आयांना मी विशेष करून सांगते, ताईलाही तीच काळजी होती, तरी तिने जबाब दिला आहे.