आंबोली: बेडूक वॉक नक्की घ्या, बर्ड वॉक सोडला तरी चालेल

जुलैमध्ये आंबोलीला ज्या होमस्टेत उतरलो त्यांचं मान्सून पॅकेज आहे, रात्री बेडूक बघायला नेतात आणि पहाटे पक्षी, दोन्हीचे दर सेम. स्टार दोघंही मलबारवालेच, रात्री मलबार ग्लायडिंग फ्रॉग आणि पहाटे मलबार व्हिसलिंग थ्रश म्हणजे आपला शीळकरी कस्तुर.

रात्रीचा वॉक पूर्ण पैसा वसूल. एका हौदावर वाकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचे गोळे लटकत होते, गाईड म्हणाला ही ह्यांची घरटी, मादी मागच्या पायांनी फेस घुसळून त्यात अंडी घालते आणि टॅडपोल तयार झाले की टपाटप खालच्या पाण्यात. बाजूलाच एक नर बसला होता, वरून हिरवागार, पण पाय लांब करून पुढच्या पानावर गेला तेव्हा बोटांमधले लाल-केशरी पडदे दिसले आणि सगळे एकदम गप्पच झाले. फक्त उडताना दिसेल ह्या आशेवर जाऊ नका. उंचावरून झेप घेतली की पडदे पसरून ९-१२ मीटर तरंगतो हे खरं, पण तो काय आपल्यासाठी शो लावत नाही. ग्रुपमधल्या एकाने फोटोसाठी फांदी ओढायला घेतली तर गाईडने जागेवर झापलं त्याला, ह्याचे एक्स्ट्रा मार्क.

कस्तुराचं सगळंच उलटं. कपाळावरची आणि खांद्यावरची निळी चमक दिसायला ऊन लागतं आणि जुलैत आंबोलीला कुठलं आलंय ऊन, धुक्यात नुसता काळा पक्षी दिसतो, मोठ्ठी लेन्स नेलेले बिचारे वैतागले. पण शीळ! शाळा बुडवून भटकणारा पोरगा सुचेल ती चाल वाजवत जातो ना, अगदी तस्सं. पावसाळा हाच विणीचा सीझन, ओढ्याकाठच्या कपारीत घरटं, त्यामुळे उजाडायच्या आधीपासूनच सुरू. आता गंमत अशी की ही शीळ रूमच्या गॅलरीत चहा पिता पिता पण मस्त ऐकू येते, मग त्याच दरात चिखल कशाला तुडवायचा? मालकांनी पहाटेचा वॉक बेडकावर फ्री द्यावा असं माझं स्पष्ट मत.

आणि हो, जळवा दोन्हीकडे भरपूर. लीच सॉक्स तिथे भाड्याने देतात पण आमच्या वाट्याला भोकं पडलेले आले, आपापले घेऊन जा.