घाण कोणाची, हे आधी दाखवणारी साफसफाई

"काकू, तुम्ही एकदा स्वतः आत येऊन बघा," असं नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाने फोनवर सांगितलं तेव्हाच पोटात गोळा आला. माझे भाडेकरू म्हणजे भाडं ठरल्या तारखेला देणारे, ना आवाज ना भांडण. दोघंही पाळ्यांमध्ये काम करतात, मूल वर्षाचं. दोन वर्षांत मी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्या संसारात नाक खुपसायचं नाही हे मी ठरवून पाळलं होतं.

एक दिवस आधी कळवून गेले. ओट्यामागच्या टाइल्सना हात लावला तर बोटं चिकटली. चिमणीच्या जाळीला तपकिरी थेंब लोंबत होते. बाथरूमच्या छतावर काळे ठिपके, खिडकीच्या कोपऱ्यात तर काळा पट्टाच. नळांवर पांढरे खवले. सिंकखालचं कपाट उघडलं आणि झुरळांची पळापळ झाली. ती मुलगी बाळाला कडेवर घेऊन दारात उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती.

मुलगा म्हणाला, "आई, नोटीस दे, साफसफाईचे पैसे अनामत रकमेतून काप आणि मोकळी हो." माझ्याही मनात तेच होतं. नोटीस लिहायला बसले आणि "भाडेकरूंच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान" या ओळीपाशी अडले. त्यातलं किती निष्काळजीपणामुळे, हे मला खात्रीने लिहिता येईना. नुसती साफसफाई करणारे पुष्कळ मिळतात. भाड्याच्या घराची आधी पाहणी करून लेखी अहवाल देणारी, आणि माणसं राहत असतानाच घर स्वच्छ करणारी सेवा शोधताना ही सापडली. चार महिने झाले, म्हणून आता सविस्तर लिहिते.

फोनवर त्यांचा पहिला प्रश्न होता, "घाण आहे की साठा?" मला कळलं नाही. सामानाचे इतके ढीग की चालायला वाट उरत नाही, असं घर ते थेट साफ करायला घेत नाहीत. वस्तू टाकताच न येणं हा २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या अमेरिकन वर्गीकरणात स्वतंत्र मानसिक विकार म्हणून नोंदलेला आहे. तिथे माणसाला न विचारता घर रिकामं केलं तर त्याला जबर धक्का बसतो, आणि घर पुन्हा भरत जातं. आमच्याकडे तसं नव्हतं. पण हा प्रश्न आधी विचारणाऱ्यांवर माझा विश्वास बसला.

पाहणीला एकटा सुपरवायझर आला. या पूर्ण सेवेत सगळ्यात मोलाचे ठरले ते हे दोन तास. त्याच्याकडे तीन रंगांच्या चिकटपट्ट्या होत्या. पिवळी म्हणजे साफ होईल अशी घाण, निळी म्हणजे राहण्या-वापरण्यातली झीज, लाल म्हणजे घराचाच दोष. भाडेकरूंना आणि मला दोघांनाही बरोबर घेऊन तो खोलीखोलीतून फिरला आणि प्रत्येक पट्टी लावताना कारण सांगत गेला.

बाथरूमच्या छताला तो पिवळी लावेल अशी माझी खात्री होती. त्याने आधी खिडकी उघडायला घेतली. उघडेना. घर भाड्याने देण्याआधी मी रंगकाम करून घेतलं होतं, तेव्हा रंगाने फट बुजून झडप चौकटीला चिकटली होती. एक्झॉस्ट पंखा नव्हताच. त्याने आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र आत टांगलं. आंघोळी होऊन दोन तास झाले होते तरी आकडा ८२ टक्के. हवेतली आर्द्रता सतत ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला पोषक स्थिती मिळते. ती मुलगी हळूच म्हणाली, "मी दर पंधरा दिवसांनी ब्लीचने पुसते, पण परत येते." येणारच. सच्छिद्र पृष्ठभागावर ब्लीचने वरचा काळा रंग जातो, मुरलेली बुरशी तशीच राहते आणि ओल तर कायमच. "काकू, ही बुरशी यांनी आणलेली नाही," असं म्हणून त्याने लाल पट्टी लावली.

सिंकखालीही तेच. पाईपच्या सांध्यातून थेंब थेंब गळत होतं, कपाटाची फळी फुगली होती आणि त्या ओलीवर झुरळं जगत होती. या गळतीचा मेसेज मला आठ महिन्यांपूर्वी आला होता. मी "बघते" असं उत्तर दिलं होतं. तो मेसेज मी तिथेच उभ्याने पुन्हा वाचला, आणि त्या मुलीची माफी मागितली.

म्हणजे सगळा दोष माझा होता असं नाही. एकूण ३१ पट्ट्या लागल्या. १९ पिवळ्या, ५ निळ्या, ७ लाल. ओट्यामागचा चिकटा, चिमणी, पलंगाखालचा कचरा, कमोड, बेसिन हे सरळसरळ त्यांचं होतं आणि सुपरवायझरने ते स्पष्ट शब्दांत सांगितलं. आवाज न चढवता. बिल आम्ही याच हिशेबाने वाटून घेतलं. पिवळ्याचं त्यांनी, लालचं मी. निळ्यासाठी कोणी काहीच द्यायचं नाही, कारण माणसं राहतात तिथे फरशीवर खुर्चीचे ओरखडे उठतात. त्यांना एकदम जमणारं नव्हतं, म्हणून चार हप्ते केले. अनामत रकमेला हात लावावा लागला नाही.

साफसफाईला तिघं आले, सहा तास लागले. स्वयंपाकघराचं काम उत्तम. हवेत उडालेलं तेल महिनोन् महिने उष्णता आणि हवा लागून वॉर्निशसारखं घट्ट होतं, मग साबणाने कितीही घासा, हलत नाही. त्यांनी अल्कलीयुक्त द्रावण फवारून १५ मिनिटं तसंच राहू दिलं आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं. टाइलवर एक चरा नाही. चिमणीची जाळी ॲल्युमिनियमची, तिला कॉस्टिक सोडा लावला तर ती काळवंडते आणि खाल्ली जाते, म्हणून ती वेगळ्या टबात गरम पाणी आणि सौम्य द्रावणात भिजवली. नळांवरच्या क्षारांना सायट्रिक ॲसिड लावण्याआधी शेजारच्या संगमरवरी उंबरठ्यावर प्लास्टिक अंथरलं. संगमरवर आणि नळावरचे खवले, दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. जे ॲसिड खवले विरघळवतं तेच दगडाची चकाकी खातं. एवढं जाणणारी माणसं कामावर आहेत हे पाहून बरं वाटलं.

आणि म्हणूनच पुढची गोष्ट मला जास्त लागली. बाथरूममध्ये एका मुलाने फरशीवर ब्लीच ओतलं होतं. ते धुऊन जायच्या आत तो तिथल्याच नळासाठी सायट्रिक ॲसिडची बाटली घेऊन आत शिरला. मी बरीच वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे. ब्लीचमध्ये ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, तो फुप्फुसांना इजा करतो, आणि हे बंद बाथरूम होतं, बाहेर वर्षाचं बाळ होतं. मी ओरडूनच त्याला थांबवलं. सुपरवायझर धावत आला, सगळं भरपूर पाण्याने धुतलं, पुढचं काम दुसऱ्या दिवशी केलं. त्याने चूक कबूल केली. तरी मी हे लहान मानत नाही. दोन्ही बाटल्या एकाच वेळी एका खोलीत जाणार नाहीत असा नियम त्यांनी करायला हवा. मी तसं लेखी कळवलं आहे. तुम्ही ही किंवा अशी कुठलीही सेवा घेतलीत तर त्या वेळी घरात थांबा आणि बाळाला दुसरीकडे ठेवा.

दुसरी तक्रार अहवालाची. अहवाल छान आहे, प्रत्येक पट्टीचा आधीचा आणि नंतरचा फोटो, तारीख, कारण. पण तीन फोटोंमध्ये भाडेकरूंचं उघडं कपाट, अंतर्वस्त्रं, औषधांच्या बाटल्या दिसत होत्या. मला हे बघायचं नव्हतं, आणि त्यांनीही कोणाला दाखवायला दिलं नव्हतं. घर माझं असलं तरी कपाटातलं त्यांचं आहे. मी सांगितल्यावर ते फोटो काढून नवा अहवाल पाठवला, त्याला दोन दिवस लागले. मुळात विचारूनच काढायचे.

झुरळांचा भाग मात्र घेऊ नका. याच पॅकेजमध्ये जोडून देतात. एकदा जेलचे ठिपके लावले, आणि त्याच संध्याकाळी त्याच कपाटात फवाराही मारला. फवाऱ्याच्या वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत, मग जेल लावून उपयोग काय? शिवाय घरात दिसणाऱ्या लहान तपकिरी जर्मन झुरळाच्या अंड्यांच्या एका कोषात ३० ते ४० अंडी असतात, त्यांच्यापर्यंत औषध पोचत नाही. पिल्लं बाहेर आल्यावर पुन्हा यावं लागतं. दुसरी फेरी नव्हतीच. तीन आठवड्यांनी पिल्लं दिसायला लागली. मग मी दुसऱ्या माणसाला बोलावलं, त्याने फक्त जेल लावलं आणि तीन फेऱ्या केल्या.

आता घर कसं आहे? बाथरूमची खिडकी उघडते, पंखा बसवला, छत खरवडून नवीन रंग दिला. काळं परत आलेलं नाही. यंत्र मी तिथेच ठेवून दिलं आहे, मागच्या वेळी आंघोळीनंतर तासाभराने आकडा ५५ होता. सिंकखाली कोरडं आहे. ओट्यामागच्या टाइल्स पुन्हा थोड्या ओशट लागल्या, हे खरं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाकडून रोज टाइल्स पुसल्या जातील असं मीही धरलेलं नाही, म्हणून आठवड्यातून एकदा असं ठरवून तेच द्रावण त्यांना आणून दिलं. दर तीन महिन्यांनी, आठवडाभर आधी कळवून, मी पाच जागा बघते : सिंकखाली, चिमणी, बाथरूमचं छत, कमोडमागे, खिडक्यांच्या चौकटी. कपाटं नाही. हे दोघांच्या सहीने कागदावर आहे.

भाडेकरूंना काढायच्या विचारात असाल तर यांची नुसती पाहणी मिळते का ते विचारा. मिळते, वेगळी घेता येते, मला हे उशिरा कळलं. पाहणीला ५ पैकी ५. साफसफाईला ३, बाथरूममधल्या त्या प्रकारामुळे. झुरळांना १. त्यांनी ब्लीच आणि ॲसिडबद्दल काय नियम केला याचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं की इथेच लिहीन.