टॉडलरची तयार खिचडी, नाचणी मिक्स आणि फळांचं पाउच : पाकिटाची मागची बाजू वाचून केलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, ब्रँडची नावं लिहिणार नाहीये. ह्या कंपन्या रेसिपी बदलत राहतात, पाकीट तेच आणि आतलं वेगळं, त्यामुळे माझं वाचून कोणी डोळे झाकून ऑर्डर केली तर उपयोग नाही. लेक दीड वर्षाची आहे, दिवसभर सासूबाईंकडे असते, आणि प्रवासात किंवा घरी यायला उशीर झाला की हाताशी काहीतरी असावं म्हणून तीन प्रकार मागवले होते : गरम पाणी ओतून होणारी मूगडाळ खिचडी, नाचणी-सफरचंद मिक्स, आणि ते चोखून खायचं फळांचं पाउच. चवीला तिन्ही बरे आहेत. घोळ सगळा घटकांमध्ये आहे म्हणून त्याच्यावरच लिहिते.

खिचडीपासून सुरू करू कारण तिचाच सगळ्यात जास्त राग आलाय. पुढे काय तर शंभर टक्के नॅचरल, नो प्रिझर्व्हेटिव्ह, घरच्यासारखी चव, आणि एक गुबगुबीत हसरं बाळ. मागे घटक : तांदूळ, मूगडाळ, तूप पावडर, मीठ, माल्टोडेक्स्ट्रिन, वाळवलेलं गाजर, वाळवलेला मटार, मसाले, ५५१. आता ही यादी कशीही लिहिलेली नसते, वजनाला जे जास्त ते आधी असा नियम आहे. म्हणजे ह्या खिचडीत गाजरापेक्षा मीठ जास्त! बरं वाळवलेलं गाजर वजनाला हलकं असतं हे मान्य, पण मग पुढच्या बाजूला गाजर-मटाराचा एवढा मोठा फोटो कशाला टाकायचा.

मग सोडियम बघितलं. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम, एक सर्व्हिंग ४० ग्रॅमचं, म्हणजे एका वाटीत ३२० मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं, तर झालं ०.८ ग्रॅम. ब्रिटनच्या एनएचएसचा (तिथली सरकारी आरोग्यसेवा) आकडा असा आहे की १ ते ३ वर्षाच्या मुलाला दिवसभरात सगळं मिळून २ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला १ ग्रॅमपेक्षा कमीच. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ तर पहिलं वर्षभर वरून मीठ घालूच नका म्हणतात. एका वाटीत दिवसाच्या मिठातलं चाळीस टक्के संपलं, वर पोळी-भाजी, वरण, संध्याकाळी आजोबांनी गुपचूप दिलेलं खारं बिस्किट ते वेगळंच.

कोणत्या वयापासून द्यायचं ते पाकिटावर कुठेच नाही. मी चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, 'मॅम आठ महिन्यांपासून देऊ शकता'. मग लिहीत का नाही? आता हे माझं मत आहे हां, पण लिहिलं की नियम लागू होतात. आपल्याकडे १९९२ चा एक कायदा आहे, बाळाचं दूध, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार ह्यांच्यासाठीचा, २००३ मध्ये त्यात बदल होऊन दोन वर्षापर्यंतचं खाणं त्यात आलं. त्यात शिशुआहाराची जाहिरात करायला बंदी आहे आणि डब्यावर, लेबलवर बाळाचा किंवा बाईचा फोटो टाकायलाही बंदी आहे. शिवाय एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) शिशुआहाराचे २०२० चे वेगळे नियम आहेत, चोवीस महिन्यांपर्यंतच्या खाण्याला ते लागतात आणि साध्या खाऊपेक्षा बरेच कडक आहेत. तर तुम्ही वयच लिहिलं नाही, नुसतं 'लिटल टमीज' वगैरे लिहिलं, की हसरं बाळ पण टाकता येतं आणि मिठाचं पण कोणी विचारत नाही. माझा सोपा नियम असा झालाय, पाकिटावर गोड बाळ दिसलं की आधी वय शोधायचं, आणि वय नसेल तर ठेवून द्यायचं.

माल्टोडेक्स्ट्रिनबद्दल थोडं. हे स्टार्चपासून बनवलेलं पांढरं पीठ, पावडर सुटसुटीत राहावी, तोंडाला बरं लागावं म्हणून घालतात. विष नाहीये. पण पचायला जवळपास साखरेसारखंच पटकन पचतं आणि लेबलवरच्या 'शुगर' च्या आकड्यात ते बहुतेक धरलं जात नाही, म्हणून नो ॲडेड शुगरवाल्यांचं ते लाडकं आहे. आणि नंबर बघून लगेच घाबरू पण नका, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन आकडी काही दिसलं की केमिकल केमिकल सुरू होतं. ५५१ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, गुठळ्या होऊ नयेत म्हणून. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. ३२२ लेसिथिन, तेल आणि पाणी एकजीव राहावं म्हणून. ह्यांचं मला काही वाटत नाही. मी बघते ते ६२१, ६२७, ६३१ हे चव वाढवणारे, कारण त्यांनी जिभेला जी सवय लागते ती घरच्या वरणभाताने सुटत नाही, आणि दुसरं म्हणजे नुसतंच 'फ्लेवर' असं मोघम लिहिलेलं. सुका मेवा घातलेलं मिक्स असेल, त्यात जर्दाळू वगैरे, तर सल्फाइट (सुका मेवा टिकावा म्हणून घालतात ते) लिहिलंय का तेही बघा, ते ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं की अ‍ॅलर्जीच्या यादीत छापावंच लागतं. तीळ मात्र आपल्या त्या सक्तीच्या यादीत नाहीये (अमेरिकेत २०२३ पासून आहे), त्यामुळे तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांच्या आईबाबांना सगळी घटकयादीच वाचावी लागते.

नाचणी मिक्स त्यामानाने प्रामाणिक निघालं. वय लिहिलंय, सहा ते चोवीस महिने, बाळाचा फोटो नाही, घटक चारच : मोड आलेली नाचणी, सफरचंद पावडर, खजूर पावडर, वेलची. मीठ नाही. 'ॲडेड शुगर शून्य' असं लिहिलंय आणि लेबलच्या हिशोबाने ते बरोबरही आहे, पण एकूण साखर १०० ग्रॅमला २२ ग्रॅम आहे. खजूर पावडर आहे ना, मग येणारच. वाईट नाही, फक्त बाळाला नाचणी आवडते की खजूर आवडतो हे कळत नाही, आमच्याकडे तर साधी नाचणीची पेज दिली की तोंड फिरवणं सुरू झालं होतं. म्हणून मी आता अर्धं हे आणि अर्धं साधं नाचणी सत्त्व असं मिसळते. आणि ते 'नो रिफाइन्ड शुगर' दिसलं तर खूश होऊ नका, त्याचा अर्थ बऱ्याचदा गूळ घातलाय एवढाच असतो, दोन वर्षांच्या आत वरून साखर नको म्हणतात त्यात गूळ पण आला.

साखरेवरून आठवलं, २०२४ च्या एप्रिलमध्ये सेरेलॅकचं प्रकरण झालं होतं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. पब्लिक आय ही स्वित्झर्लंडची संस्था आणि आयबीएफएएन (शिशुआहाराच्या कंपन्यांवर लक्ष ठेवणारं आंतरराष्ट्रीय नेटवर्क) ह्यांनी वेगवेगळ्या देशातले डबे तपासले, तर भारतातल्या सेरेलॅकमध्ये एका सर्व्हिंगला सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर निघाली, आणि जर्मनी-ब्रिटनमध्ये तीच कंपनी, म्हणजे नेस्ले, तसंच खाणं बिनसाखरेचं विकत होती. नेस्लेचं म्हणणं होतं की आम्ही भारतातले नियम पाळतो आणि पाच वर्षांत साखर तीस टक्क्यांपर्यंत कमी केलीये. त्याच वर्षी नंतर त्यांनी रिफाइन्ड साखर नसलेले प्रकार आणले. लोक कंपनीवर चिडले, ठीक आहे, पण मला जास्त खटकलं ते हे की आपल्या नियमातच त्याला जागा आहे. साखर घालू नका, पण कार्बोहायड्रेट म्हणून लागलीच तर एकूण कार्बोहायड्रेटच्या वीस टक्क्यांपर्यंत चालेल, असं काहीसं ते कलम आहे. दार उघडं ठेवायचं आणि मग आत कोण आलं म्हणून ओरडायचं.

पाउचवर फार लिहित नाही. पुढे आंबा-पालक, मागे पहिला घटक सफरचंदाचा गर, पालक सगळ्यात शेवटी. त्यापेक्षा अर्धं केळं कुस्करा. शिवाय नळीतून चोखत बसलं की दातांना तो गोडवा लागून राहतो आणि चावायची सवय लागत नाही. द्यायचंच असेल तर वाटीत काढून चमच्याने.

आता जे लेबलवर दिसतच नाही ते. माझी नणंद सॅन होजेला असते, तिच्याकडे बाळाच्या खाण्याच्या पाकिटावर क्यूआर कोड असतो, स्कॅन केला की त्या बॅचमध्ये शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा किती ते दिसतं. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून कंपन्यांना हे आकडे जाहीर करावेच लागतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं की बाळाच्या खिमटात शिसं कुठून येणार. तर ते जमिनीतून येतं, पाण्यातून येतं, आणि मसाल्यातून येतं. तांदूळ बाकी धान्यांपेक्षा जास्त आर्सेनिक ओढून घेतो, म्हणून तर अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध प्रशासन) बाळांच्या तांदळाच्या सिरियलसाठी १०० पीपीबीची, म्हणजे एक अब्ज भागांत १०० भाग, अशी मर्यादा ठरवली. शिशाची पण २०२५ च्या जानेवारीत ठरली, फळं-भाज्यांचे गर वगैरेंना १० पीपीबी, कोरड्या सिरियलला २०. आणि हे काय उगाच नाही. २०२३ मध्ये तिकडे सफरचंद-दालचिनीच्या पाउचमधून पाचशेपेक्षा जास्त मुलांच्या पोटात शिसं गेलं, पाउच इक्वेडोरला बनलेले, आणि सापडलं काय तर दालचिनीच्या पावडरीत लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, रंग यावा नाहीतर वजन वाढावं म्हणून कोणीतरी मिसळलेलं असावं असा संशय. घटकांच्या यादीत तिथे साधं 'दालचिनी' एवढंच होतं. यादी कितीही नीट वाचली असती तरी कळलं नसतं.

हे सगळं मी जेवताना सांगत होते तर सासूबाई म्हणाल्या, 'अगं, एवढं वाचत बसतेस तेवढ्यात खिमट दोनदा शिजलं असतं.' खरंय ते. तांदूळ आणि मूगडाळ धुवायची, कापडावर वाळवायची, मंद भाजायची, जिरं घालून दळून आणायची, डबाभर होतं आणि पाणी घालून शिजवलं की झालं, मीठ आपल्या हातात. पण मी आईंना हेही म्हटलं की घरचं म्हणजे आपोआप सेफ असं नाहीये, तांदूळ त्याच शेतातला. म्हणून रोज तांदूळच नको, एक दिवस नाचणी, एक दिवस ज्वारी, एक दिवस गव्हाची लापशी असं फिरवत राहायचं. भात जास्त पाण्यात शिजवून पाणी काढून टाकलं तर आर्सेनिक कमी होतं, ते आता आम्ही करतो. आणि मसाल्यातल्या त्या भेसळीच्या भीतीने हळद सुटी घेणं बंद केलंय.

आणि हो, ते इन्स्टावर 'होममेड बेबी फूड' विकणाऱ्या ताया. काही खरंच छान करतात, आमच्या शेजारचीच एक करते. पण घेताना एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर विचारा, छोट्या घरगुती व्यवसायाला पण रजिस्ट्रेशन लागतं, आणि तो नंबर सरकारी फॉसकॉस साइटवर टाकून बघता येतो. कधी बनवलं ती तारीख विचारा. मध घातलाय का विचारा, एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, बॉट्युलिझमची (जिवाणूच्या विषामुळे होणारा गंभीर आजार) भीती असते, आणि 'ऑरगॅनिक मध' म्हटल्याने ती जात नाही. काजू-बदामाचे तुकडे नकोत, पूड चालेल. मोड आलेल्या धान्याचं पीठ प्रिझर्व्हेटिव्हशिवाय लवकर खराब होतं, उघडल्यावर फ्रिजमध्ये, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर जाळी लागते.

तर माझे मार्क्स. नाचणी मिक्स पाचापैकी साडेतीन, अर्धा मार्क खजुराचा कापला आणि एक रिपोर्टचा, तो खाली सांगते. खिचडी दीड, तेही प्रवासात अगदीच नड असेल तर दुप्पट साध्या मऊ भातात मिसळून. पाउच एक, कारण ते बंद पाकिटात सांडत नाही.

रिपोर्टचं असं झालं की मी दोन्ही कंपन्यांना मेल केला, माझ्या पाकिटावरचा बॅच नंबर लिहून, ह्या बॅचची शिसं आणि आर्सेनिकची टेस्ट असेल तर पाठवा म्हटलं. खिचडीवाल्यांनी 'तुमच्या विश्वासाबद्दल धन्यवाद' आणि दहा टक्के डिस्काउंटचं कूपन पाठवलं. नाचणीवाल्यांनी खरंच लॅबचा रिपोर्ट पाठवला, एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणारी संस्था) शिक्का वगैरे असलेला, पण बॅच दुसरीच आणि तारीख मागच्या वर्षीची, आणि शिशासमोर आकडा नाही, 'मर्यादेत' एवढंच. मी परत लिहिलंय की मर्यादेत म्हणजे किती, आकडा द्या. उत्तर आलं की खाली टाकते, आणि तुमच्यापैकी कोणाला कुठल्या कंपनीकडून आकड्यासकट रिपोर्ट मिळाला असेल तर सांगा, मी ते मागवून बघीन.