फिशप्लेट, थर्मिट की फ्लॅश बट? रुळांचा सांधा निवडण्याआधी

मागच्या उन्हाळ्यात चंद्रपूरकडच्या एका कारखान्याच्या व्यवस्थापकांचा फोन आला. आवारातली अडीच किलोमीटरची सायडिंग, म्हणजे मुख्य मार्गापासून कारखान्यात येणारा रूळमार्ग, नव्याने घालायची होती. ठेकेदाराने रुळांची टोकं जोडायच्या तीन पद्धतींचे दर दिले होते, फिशप्लेटचा, थर्मिटचा आणि फ्लॅश बटचा. त्यांचा प्रश्न सरळ होता, ‘साहेब, यातला सगळ्यात मजबूत सांधा कुठला?’

मी म्हटलं, याचं उत्तर एका शब्दात देता येईल, पण त्याचा तुम्हाला उपयोग नाही. आधी सांगा, रूळ सांभाळायला माणसं किती आहेत? पलीकडे शांतता. माणसं नव्हतीच.

पस्तीस वर्षं रुळांवर चाललो, त्यातून एवढं कळलं की सांधा निवडताना तो किती टन सोसेल हे दुसरं बघायचं. पहिलं बघायचं ते हे, की उद्यापासून तो कोण बघणार.

फिशप्लेट

कल्पना जुनी, १८४०च्या दशकातली. विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स या इंग्रज इंजिनिअरने रुळांच्या टोकांना दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून बोल्ट मारले. या नावाचा माशाशी संबंध नाही. जहाजाच्या डोलकाठीला आधार म्हणून जी फळी बांधत, तिला इंग्रजीत ‘फिश’ म्हणत, तिथून ते आलं. आपल्याकडे चार किंवा सहा बोल्टांची फिशप्लेट असते. बोल्ट आवळायचे दोन पाने, ग्रीस आणि दोन माणसं एवढ्यावर काम होतं. वीज नको, आग नको, प्रमाणपत्रवाला वेल्डर नको. रात्री रूळ बदलायचा झाला तर सकाळच्या गाडीआधी मार्ग मोकळा. हे फायदे कमी नाहीत.

आता तोटा. पट्ट्यांची जोडी कितीही घट्ट बसवा, तिचा ताठपणा अखंड रुळाच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे चाक सांध्यावर आलं की तिथे रूळ जास्त वाकतो. पुढच्या रुळाच्या टोकावर चाक आदळतं, टोक चेपतं, खालची खडी चुरते, रुळाखालचा आडवा स्लीपर पोकळ होतो, म्हणजे त्याच्या खालचा आधार सुटतो. स्लीपर पोकळ झाला की रूळ आणखी वाकतो. हे चक्र एकदा सुरू झालं की आपणहून थांबत नाही.

गाडीत बसून जी खडखड ऐकत आपण लहानाचे मोठे झालो, ती याच आदळण्याची. आपला साधा रूळ १३ मीटरचा. त्यामुळे ४७ सेकंदांत जितके ठोके मोजाल, तितके किलोमीटर ताशी गाडीचा वेग. आता मुख्य मार्गांवर हा खेळ उरला नाही, नातवाला शिकवायला गेलो तर ठोकेच नव्हते.

फिशप्लेटचं खरं दुखणं मात्र बोल्टच्या भोकात असतं. प्रत्येक चाकागणिक भोकाच्या कडेला ताण येतो आणि तिथून साधारण ४५ अंशांत बारीक चीर निघते. ती पट्टीआड झाकलेली, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. ५ नोव्हेंबर १९६७ला लंडनजवळ हिदर ग्रीन इथे अशाच चिरेने रुळाच्या टोकाचा त्रिकोणी तुकडा निघाला, गाडी घसरली आणि ४९ माणसं गेली. त्या चौकशीत सांध्याजवळच्या रुळाला खालून पुरेसा आधार नव्हता, हेही नोंदलं गेलं. फ्रान्समध्ये ब्रेतिन्यी-सुर-ऑर्ज इथे १२ जुलै २०१३ला तर फिशप्लेटच सुटून क्रॉसिंगमध्ये, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तिथे, अडकली, सात जण दगावले.

म्हणून फिशप्लेट मजबूत करायची तर नवी जाड पट्टी आणण्याआधी भोक नीट करा. भोक ड्रिलनेच पाडायचं, गॅसने कधीच नाही. गॅसने पाडलेल्या भोकाच्या कडा कडक आणि ठिसूळ होतात, चीर तिथूनच जन्माला येते. मग चॅम्फरिंग करून कडा मोडायच्या. खर्च नगण्य, आयुष्य कितीतरी जास्त. दुसरं, वर्षातून एकदा थंडीत पट्ट्या उतरवून, घासून, ग्रीस लावून पुन्हा चढवायच्या. हे नाही केलं तर सांधा गंजून जाम होतो. जाम सांधा रुळाला सरकू देत नाही, आणि मे महिन्यात रूळ बाजूला फुगतो.

हिशेब करून बघा. १३ मीटरचा रूळ ५० अंशांच्या फरकाला साडेसात मिलिमीटर वाढतो. ही जागा सांध्याने द्यायची असते. चंद्रपूरच्या उन्हात हवा ४६ अंशांवर गेली की रूळ ६५च्या आसपास तापतो, डिसेंबरच्या पहाटे तोच १० अंशांवर उतरतो. ठेकेदाराने जानेवारीत रूळ घातले आणि टोकाला टोक भिडवून टाकली, तर मे महिन्यात काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

सांधा तिरपा कापला तर?

हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतं, बहुधा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. रुळाची टोकं सरळ न कापता तिरपी कापली तर चाक हळूच एकावरून दुसऱ्यावर जाईल, आदळणार नाही. कागदावर बरोबर आहे. पण तिरप्या कापाला टोकाशी पातळ धार येते, आणि त्या धारेवर चाकाचा काही टनांचा भार आला की ती मोडते. लांब निमुळता सांधा रेल्वेत आहेच, स्विच एक्स्पान्शन जॉइंट म्हणजे एसईजे, पण तो खास घडवलेला, महाग आणि सतत लक्ष मागणारा. अखंड वेल्ड केलेल्या रुळांच्या टोकाशी तो बसवतात. दर १३ मीटरला तो बसवायची कल्पना सोडून द्या.

अमेरिकेत दोन रुळांचे सांधे समोरासमोर न ठेवता पुढे-मागे ठेवत. त्याने एका जागचा धक्का कमी झाला, पण मंद वेगात उंच वाघिणी (मालडबे) डावी-उजवीकडे डोलायला लागल्या. आपल्याकडे सांधे समोरासमोर ठेवायची पद्धत आहे, ती राहू द्या.

थर्मिट, म्हणजे एटी (अ‍ॅल्युमिनो-थर्मिक) वेल्ड

जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५मध्ये ही प्रक्रिया पेटंट केली आणि १८९९मध्ये एसेन शहरात ट्रामचे रूळ तिने जोडले गेले. लोखंडाचा ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिनियमची पूड पेटवली की अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिजन हिसकावून घेतं, आणि उरतं वितळलेलं पोलाद.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन रुळांमध्ये २५ मिलिमीटरची फट ठेवतात. टोकं किंचित वर उचलून कमान देतात, कारण थंड होताना सांधा खाली बसतो. भोवती साचे लावून ओल्या वाळूने फटी लिंपतात. टॉर्चने टोकं लाल होईपर्यंत तापवतात, साधारण ६०० अंश. मग वरच्या क्रुसिबलमध्ये, म्हणजे आग सोसणाऱ्या भांड्यात, पोर्शन, म्हणजे त्या पुडीचं मिश्रण, पेटवतात. पांढरा उजेड, डोळे दिपवणारा, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत वितळलेला रस साच्यात उतरतो. काही मिनिटांनी साचा फोडून वरचा वाढलेला भाग गरम असतानाच छाटतात, शेवटी ग्राइंडर. एक मीटरची सरळपट्टी ठेवून बघतात. सांधा किंचित उंच चालतो, खोलगट अजिबात चालत नाही. पहिली गाडी किमान अर्ध्या तासाने सोडतात.

सामान चार माणसं उचलून नेतात, कुठेही वेल्ड होतो, हा याचा मोठा गुण. अवगुणही तिथेच आहे. हा सांधा म्हणजे उघड्यावरचं ओतकाम. साचा ओला, पोर्शन दमट, तापवणं अपुरं, फट कमी-जास्त, यातली एक चूक झाली की आत बुडबुडे राहतात, आणि ते बाहेरून दिसत नाहीत. अल्ट्रासॉनिक तपासणी याच्यासाठीच असते. शिवाय वेल्डच्या दोन्ही बाजूंना रुळाचा एक पट्टा मऊ पडतो, तिथे चाकाने हळूहळू वाटीसारखा खोलगटपणा येतो.

एकदा एका सायडिंगवर संध्याकाळी घाईत असा वेल्ड ओतलेला मी बघितला होता. ब्लॉक, म्हणजे कामासाठी गाड्या थांबवलेला वेळ, संपत आला होता आणि वेल्डर टॉर्च पूर्ण वेळ धरायला तयार नव्हता. पुढच्या डिसेंबरात पहाटे पाचला रूळ तपासत चालणाऱ्या की-मनने कळवलं, रूळ फाटलाय, फटीत बोट जातंय. गेलो तर तुटलेल्या तोंडावर काळे ठिपके, मधाच्या पोळ्यासारखे. पोट बाहेर काढलेल्या जॉगल्ड फिशप्लेटा क्लॅम्पने आवळल्या आणि वाघिणी चालत्या वेगाने काढल्या. त्या दिवशीच्या फिशप्लेटांना मी आजही वाईट म्हणणार नाही.

जुन्या, चेपलेल्या रुळांना वेल्ड करायचं असेल तर भोकांसकट टोकं कापून टाकावी लागतात. त्यावर ठेकेदार कुरकुरतो, कारण रूळ आखूड होतो. ऐकू नका. आणि एका वेल्डपासून दुसरा सांधा चार मीटरच्या आत नको.

फ्लॅश बट

मजबुतीच्या एका शब्दाचं उत्तर म्हणजे हे. यात बाहेरचा धातू येतच नाही. दोन्ही रूळ यंत्राच्या जबड्यात धरतात, प्रचंड करंट सोडतात, टोकं ठिणग्या उडवत वितळतात आणि मग जोराने एकमेकांवर दाबतात. वितळलेला, खराब धातू बाहेर ढकलला जातो आणि शुद्ध पोलाद पोलादाला चिकटतं. दोन-चार मिनिटांत सांधा तयार, वाढलेली कड गरम असतानाच निघते. यंत्र प्रत्येक वेळी सारखाच करंट आणि सारखाच दाब देतं, वेल्डरच्या संध्याकाळच्या घाईला वाव नाही. थकव्याने तुटण्याचं प्रमाण थर्मिटपेक्षा बरंच कमी. भिलाईच्या पोलाद कारखान्याचे लांब रूळ वेल्ड करून २६० मीटरपर्यंतचे पॅनेल बनतात ते याच पद्धतीने. आता फिरती यंत्रंही आहेत.

अडचण एकच, यंत्र आणायला काम तेवढं हवं. दोन-चारशे सांध्यांसाठी ते आणायचा खर्च परवडेल का, हे जवळपास दुसरं काम चालू आहे का त्यावर ठरतं. तुमचा मुख्य मार्ग असेल, वेग शंभराच्या पुढचा असेल, तर दुसरा विचार करू नका.

सिग्नलसाठी जिथे रुळांमधला विजेचा प्रवाह तोडावा लागतो तिथे ग्लूड जॉइंट लागतो, म्हणजे कारखान्यात इपॉक्सीने चिकटवलेला, मध्ये इन्सुलेशन असलेला सांधा. तो तयार तुकडा म्हणून येतो. साइटवर चिकटवून देतो म्हणणाऱ्याला परत पाठवा.

मग सगळंच वेल्ड करायचं का?

व्यवस्थापकांचाही हाच पुढचा प्रश्न होता. माणसं नाहीत, तर सांधेच नको, देखभालही नको. इथे बरेच लोक फसतात. रूळ अखंड केला म्हणजे त्याचं वाढणं थांबत नाही, फक्त ते अडवलं जातं, आणि अडवलेलं वाढणं आतला दाब होऊन बसतं. मीटरला ५२ किलो वजनाच्या एका रुळात प्रत्येक अंशामागे सुमारे १.६ टन. ३० अंशांनी जास्त तापला तर जवळपास ५० टन दाब, आणि तो पेलायचा फक्त खडीने आणि स्लीपरने. खडीचा खांदा अपुरा असेल, कोणी ऐन मेमध्ये दुपारी खडी उकरली, किंवा वळण फार तीव्र असेल (जुन्या नियमावलीत ही मर्यादा ४४० मीटर त्रिज्येची होती), तर रूळ सापासारखा वळतो. अखंड रुळाला माणसं कमी लागतात हे खरं, पण जी लागतात ती जाणती लागतात. तापमान बघून डीस्ट्रेसिंग, म्हणजे रुळातला साठलेला ताण मोकळा, करणारी. कारखान्याच्या फोरमनच्या आवाक्यातलं ते काम नाही.

त्या सायडिंगवर वाघिणी ताशी १५च्या वेगाने फिरणार होत्या. एक तीव्र वळण होतं आणि लोडिंगजवळ कोळशाची धूळ खडीत बसत होती. म्हणून मी मधला मार्ग सुचवला. १३ मीटरचे तीन-तीन रूळ वेल्ड करून ३९ मीटरचे पॅनेल, आणि पॅनेलच्या टोकांना फिशप्लेट. सगळीकडे फिशप्लेट घातली असती तर दोन्ही रुळांचे मिळून ३८५ सांधे झाले असते, असे केले तर १२८. वेल्ड २५७. ३९ मीटरचा रूळ अखंड रुळासारखा दाब साठवत नाही, आणि सांध्यांची संख्या दोन माणसांच्या हाताबाहेर जात नाही.

वेल्डसाठी त्या वेळी जवळ फ्लॅश बटचं यंत्र नव्हतं, म्हणून थर्मिट. पण एक अट घातली. वेल्ड जागेवर नाही, रूळ बाजूला जमिनीवर ठोकळ्यांवर मांडून करायचे. नव्या सायडिंगवर गाडी नाही, म्हणजे ब्लॉकची घाई नाही. वेल्डरला दिवसभर उजेडात, सावकाश काम करता येतं, प्रत्येक वेल्ड तपासून मगच पॅनेल उचलायचं. पावसाच्या दिवसात पोर्शन उघडायचंच नाही. हाच थर्मिट गाड्यांच्या मधल्या वेळात ओतला की वेगळा सांधा होतो, आणि दरपत्रकात हा फरक कुठेच दिसत नाही.

मुख्य मार्गाच्या जोडणीकडचा, पॉइंटआधीचा, म्हणजे रूळ फुटतात त्याआधीचा, तुकडा मात्र रेल्वेच्या नियमानुसारच करायचा होता, तिथे आमचं मत कोणी विचारलं नाही, आणि ते योग्यच.

दोन माणसं ठेवायला ते अखेर तयार झाले. त्यांना पाना, ग्रीसचा डबा, फट मोजायची पाचर आणि एक वही दिली. परवा त्यातल्या एकाचा फोन आला, सोळा नंबरच्या सांध्याखाली स्लीपरभोवती पांढरी पूड दिसतेय, बोल्ट आवळू का? म्हटलं, बोल्टला हात लावू नकोस. पांढरी पूड म्हणजे स्लीपर पोकळ आहे, खडी चुरतेय. आधी खालून खडी ठासून पॅकिंग कर, चार स्लीपर दोन्ही बाजूंना. पाऊस यायच्या आत.